पाइपातली जीभ

पाइप ओढणाऱ्या बहुतेकांना आपल्या पाइपाला जीभ आहे हे ठाऊक नसतं. तंबाखू भरायचं लाकडाचं भांडं, त्याला जोडून आलेली दांडी आणि दातांत धरायचा काळा भाग, एवढंच त्यांना दिसतं. पण तो काळा भाग जरा पिळून ओढला की दांडीतून सुटून येतो, आणि त्याच्या टोकाला बोटाच्या पेरापेक्षा लहान असा धातूचा तुकडा खोवलेला दिसतो. धूर त्याच्यावर आदळून थंड होतो, त्यातलं पाणी तिथंच साचतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडात कडू थेंब जात नाही. विलायती कंपन्यांच्या पत्रकांत या तुकड्याला प्रत्येकाचं निराळं नाव असे. आमच्या दुकानात आम्ही त्याला जीभ म्हणत असू. हा शब्द कुणी आणला मला माहीत नाही. मी आलो तेव्हा तो होताच.

दुकान सदर बाजारात होतं. विलायती तंबाखू, चिरूट, हातातल्या काठ्या, छत्र्या आणि फाउंटनपेनं एवढा माल पुढं, आणि मागच्या खिडकीपाशी माझं टेबल. मालक पारशी होते. त्यांना सगळे शेटजी म्हणत. मॅट्रिक झाल्यावर सरकारी कारकुनीची वाट पाहण्यात मी दोन वर्षं घालवली आणि मग तिथं लागलो. हातात काम नसलं की पुस्तक उघडून बसे, म्हणून शेटजींनी मला मास्तर असं नाव ठेवलं. आयुष्यात मी कुणाला एक अक्षर शिकवलं नाही, पण सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांपासून कामठीच्या छावणीपर्यंत ज्यांना मी माहीत होतो त्यांना मास्तर म्हणूनच माहीत होतो.

पाइप येत ते थकून आलेले असत. काळा भाग पिवळा पडलेला, भांड्यात कोळशाचा थर दाटलेला, दांडी कुठंतरी चिरलेली. मी थर खरवडून काढी, आतली नळी स्पिरिटनं धुई, चिरीवर चांदीची कडी बसवी. पण माझं नाव झालं ते जिभांमुळं. एका कंपनीची जीभ लहानशा पळीसारखी, दुसरीची पिळाची, कुणाची बाणाच्या टोकासारखी, कुणाची नुसतीच लांब नळी. तीच कंपनी काही वर्षांनी आकार बदले, त्यामुळं पाइप कोणत्या काळातला हेही जिभेवरून सांगता येई. लाकडावरचा छाप हाताळून हाताळून पुसला जातो, कडी बदलते. जीभ आत असते. तिच्यात कुणी ढवळाढवळ करत नाही, अशी माझी समजूत होती. प्रत्येक नवी जीभ दिसली की मी तिचं चित्र एका वहीत काढी आणि खाली पाइप कुणाचा ते लिही. कामाला घेतल्याबरोबर, स्पिरिटमध्ये टाकण्याआधी, हे चित्र काढायचं असा माझा नेम होता. त्या वहीचा मला फार अभिमान होता. गावात दुसरं कुणी हे करत नव्हतं, आणि करावं असं कुणाला वाटतही नसावं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. कळमेश्वरकडचे एक मालगुजार होते. त्यांना एका साहेबानं बदली होऊन जाताना आपला पाइप भेट दिला होता. ते दुकानात आले आणि पाइप टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तर, याच्यातून मेल्या उंदराचा वास येऊन राहिला गा. साहेबानं असाच देल्ला का मले?" मी काळा भाग ओढून पाहिला तर जीभ तिळभर हलेना. चौकशी करता कळलं की आत काहीतरी सैल आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी गावच्या सोनाराकडून ते डाग देऊन कायमचं पक्कं करून घेतलं होतं. धुण्यासाठी ती निघायलाच हवी, हे मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, "असं व्हय. आमच्या गावात सैल जिभेचे माणसं लई आहेत, म्हनून म्हटलं एक तरी पक्की करावं." शेटजी हा किस्सा येईल त्याला सांगत.

एक गोष्ट मात्र मी या धंद्यात कधीच केली नाही. पाइप नीट जुळला की नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे तो रिकामाच तोंडात धरून हवा ओढणं. जीभ त्या पाइपाची नसेल, केसभर जरी सैल असेल, तर हवा कडेनं निसटते आणि बारीक शिटी वाजते. शेटजींनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी पाइप उजेडाकडे धरून पाही, कानाशी हलवून पाही, पण तोंडाला लावत नसे. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू, म्हणजे उष्टं. हाताला दिवसभर तेच लागे, त्याला इलाज नव्हता. घरी गेलो की आंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाऊल टाकी. "घरात चालत नाही," असं मी शेटजींना सांगितलं होतं. ते हसत. "मास्तर, तुम्हारा हाथ साहब का नौकर, और मुंह बम्मन का."

आता डोमाजीविषयी लिहितो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

डोमाजी हा बांधकाम खात्यातल्या एका मोठ्या साहेबांचा बेअरा. इंदोरा वस्तीतला. वयानं माझ्याहून थोडा मोठा. साहेबांचे पाइप रुमालात गुंडाळून तो सायकलीवर येई आणि दुकानाच्या पायरीवर बसून हाक मारी, "मास्तर, साहेबाचे दात आनले." पायरीवर एक पितळी थाळी असे. तो रुमाल त्या थाळीत ठेवी आणि मी थाळी उचलून आत नेई. डोमाजी महार होता. थाळीची ही पद्धत कुणी घातली होती, हे मला आठवत नाही. बंद करायची असती तर मी करू शकलो असतो, एवढं नक्की आठवतं.

त्याला पाइपातलं पुष्कळ कळत असे. साहेब रागावले की धूर कसा निघतो, तंबाखूचा डबा ओला झाला की भांडं कसं कुरकुरतं, हे तो तिथं बसून करून दाखवी. त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात मेणकापडात बांधलेलं एक पुडकं असे, त्यात चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक साहेब जाताना बेअऱ्याला चांगल्या वागणुकीची चिठ्ठी देई, आणि ती दाखवून पुढच्या बंगल्यात नोकरी मिळे. डोमाजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कोणती चिठ्ठी कोणाची हे तो कागदाच्या रंगावरून सांगे. ओळीनं लावलेल्या असत. मधली एखादी नसली, विशेषतः शेवटची, तर आधीच्यांना काही किंमत नव्हती. मग बंगल्याच्या फाटकातूनच परत पाठवत.

त्याच्या साहेबांकडे एकाच कंपनीचे, एकाच घाटाचे दोन पाइप होते. एक जुना, एक त्याच्यानंतर काही वर्षांनी घेतलेला. जुन्याची जीभ पळीची आणि नव्याची बाणाची, कारण मधल्या काळात कंपनीनं आकार बदलला होता. एका उन्हाळ्यात डोमाजीनं दोन्ही एकदम आणले. मी दोन्ही जिभांची चित्रं वहीत काढली आणि मग सगळे सुटे भाग एकाच वाडग्यात स्पिरिटमध्ये टाकले. पाइप असे घासून दिले की जुना कोणता, नवा कोणता हे पाहून कळू नये. शेटजींनी ते पुढं गिऱ्हाइकांना दाखवले.

त्यानंतर मडमसाहेब विलायतेला गेल्या आणि जाताना त्यांनी जुना पाइप डोमाजीला देऊन टाकला. हे मला डोमाजीनंच पायरीवर बसून सांगितलं होतं. खुशीत होता.

पुढं पावसाळ्यात साहेबांचा नवा पाइप हरवला. बंगल्यात शोधाशोध झाली, आणि आवारातल्या डोमाजीच्या खोलीत एक पाइप निघाला. तो मडमसाहेबांनी दिलेला जुना आहे असं डोमाजी म्हणाला. साहेबांना तो नवा वाटला. मडमसाहेब समुद्रापलीकडे. तेव्हा साहेब मोटारीतून दुकानात आले. शोफरच्या शेजारी डोमाजीला बसवून आणलं होतं. साहेबांनी पाइप माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मास्टर, कौन सा?"

साहेब पोलिसात जाणार नव्हते. पण नोकरी, बंगल्याच्या आवारातली खोली आणि शेवटची चिठ्ठी, हे तिन्ही माझ्या उत्तरावर होतं, आणि दुकानातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

मी काळा भाग पिळून काढला. आत बाणाची जीभ होती. मी वही उघडली, बोट ठेवलं, आणि चित्रासमोर जीभ धरली. चित्राखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, नवा. मी साहेबांना सांगितलं की पाइप वरून हजार वेळा बदलेल, जीभ बदलत नाही. साहेबांनी वही हातात घेऊन दोन-चार पानं उलटली आणि म्हणाले, "शाबास." मला आनंद झाला. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

डोमाजी पायरीवर उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, मी सांगून राहिलो थे तं ऐका. थ्या दिवशी तुमच्याकडून धुवून नेल्यापासून हा पाइप शिटी वाजवते. आधी नव्हता वाजवत. काहून वाजवते? तुमीच एक डाव तोंडाले लावून पाहा."

मी म्हटलं, "त्याची गरज नाही."

"एक डाव फक्त. भरू नका. रिकामाच ओढा. तुमाले आयकू येईल."

शेटजी पुढून म्हणाले, "डोमाजी, साहब का टाइम खोटी मत करो."

मी पाइपाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी साहेबांच्या तोंडातले पाइप हाताळत होतो, आणि तोंडाला न लावण्याचं कारण विचारलं तर ते उष्टं आहे म्हणून सांगत होतो. त्या दिवसापर्यंत तो पाइप तीन महिने डोमाजीच्या तोंडात राहिला होता. नुसत्या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा आला, आणि साहेबांच्या पाइपानं तो कधी आला नव्हता. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी तो लावून पाहिला असता तरी शिटी ऐकू आली असती. पण नोकराच्या तोंडातला पाइप ते तरी कसा लावतील. तेवढ्या एका बाबतीत साहेब आणि मी एका जातीचे होतो.

मी पाइप तोंडाला न लावताच साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी पाइप खिशात घातला. डोमाजीला बाजारातच सोडून मोटार गेली.

चिठ्ठी मिळाली नाही. दोन-तीन वर्षं तो बंगल्यांच्या फाटकांवर गेला आणि परत फिरला, असं इतर बेअऱ्यांकडून कानावर आलं. मग तो संत्र्यांच्या पेट्या ठोकण्याच्या कामाला लागला. दुकानाच्या पायरीवर नंतर कधी आला नाही. थाळी दुसऱ्या बेअऱ्यांसाठी तिथंच राहिली.

लढाई संपत आली त्या सुमारास ते साहेब निवृत्त होऊन गेले आणि त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. शेटजींनी त्यातून पाइपांची एक लाकडी पेटी घेतली आणि ओळखून, लावून ठेवायला माझ्यापुढं ठेवली. पेटीत सात-आठ पाइप होते. एकाच कंपनीचे, एकाच घाटाचे दोन शेजारी-शेजारी होते.

दोन्ही साहेबांच्या पेटीत होते, म्हणजे हरवलेला पाइप नंतर कधीतरी सापडला होता, आणि डोमाजीच्या खोलीतून आणलेला खरोखर त्याचाच होता. जिभा काढल्या. एकात बाण, एकात पळी. दोन्ही सैल. मी त्यांची अदलाबदल केली. दोन्ही अशा बसल्या की कुलूप लागल्यासारखा आवाज झाला. त्या उन्हाळ्यात एकाच वाडग्यातून काढताना याची जीभ मी त्याला घातली होती. वहीतली चित्रं बरोबर होती, कारण ती धुण्याआधी काढलेली होती. चूक माझ्या हातची होती, आणि हवा एकदा ओढून पाहिली असती तर ती त्याच दिवशी कळली असती.

पाइप सापडल्यावर साहेबांनी ते कुणाला सांगितलं नसावं. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मीही पुढं दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. फक्त एका माणसाला सांगितलं.

माझी पत्नी शाळेत गेली नव्हती, पण मी वाचून दाखवलेलं सगळं तिच्या लक्षात राही. पेटी आली त्याच संध्याकाळी मी आंघोळ करून पाटावर बसलो आणि जेवण्याआधी तिला सगळी हकिगत सांगितली. तिनं वाढता वाढता थांबून विचारलं, "मग तुम्ही लावून काहून नाही पाहिलं?"

मी म्हटलं, "आपल्या घरात ते कसं चाललं असतं?"

ती म्हणाली, "मला कधी विचारलं होतं का तुम्ही? चूळ भरली असती, झालं असतं. त्या माणसाची भाकर गेली, आणि नाव माझ्या स्वयंपाकघराचं." मग पुन्हा वाढायला लागत म्हणाली, "जाऊन सांगा त्याला." मी जातो म्हणालो. तिनं त्यानंतर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती अंथरुणावर होती. माघात ती गेली. तिला मी जातो असंच सांगत राहिलो.

चैत्रात मी इंदोऱ्याला गेलो. शेटजींकडून तो जुना पाइप मागून घेतला होता, पळीची जीभ बसवून. आणि इंग्रजीत एक चिठ्ठी लिहिली होती, माझ्या चांगल्या अक्षरात: डोमाजीनं चोरी केली नव्हती, ओळखण्यात माझी चूक झाली, तो प्रामाणिक माणूस आहे. खाली सही केली होती.

डोमाजी घराबाहेर पेट्या ठोकत होता. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यानं हातोडी खाली ठेवली आणि एक पेटी उलटी करून माझ्याकडे सरकवली. मी सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. मग पाइप आणि चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली.

"चिठ्ठीत काय लिवलं थे वाचून दाखवा," तो म्हणाला.

मी मराठीत करून वाचली. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावली.

"चांगली लिवली. पन आता कोनाले दाखवू, मास्तर? साहेबलोकं तं चालले."

तो आत गेला आणि मेणकापडाचं पुडकं घेऊन आला. चिठ्ठ्या अजून ओळीनं लावलेल्या होत्या. माझी चिठ्ठी त्यानं घडी जुळवून सगळ्यांत शेवटी ठेवली आणि दोरी बांधली.

"राहू द्या. तिथली जागा रिकामी होती."

मग त्यानं पाइप हातात घेतला, पिळून जीभ काढून पाहिली, पुन्हा बसवली. तंबाखू भरली. ओढताना डोळे मिटून ऐकत होता.

"नाही वाजत," तो म्हणाला. दोन-चार झुरके झाल्यावर त्यानं तोंडातून पाइप काढला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. आता तरी पाहा."

मी तो घेतला. घेताना मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. तोंडाकडे नेईपर्यंत मला कळलंच नाही की माझ्या डाव्या हातात धोतराचा सोगा आला आहे आणि मी काळ्या भागाचं टोक पुसतो आहे. पुसता पुसता हात थांबला.

डोमाजी बघत होता. रागावला नव्हता. त्यानं हातोडी उचलली आणि दोन खिळे ओठांत धरण्याआधी म्हणाला,

"पुसा, पुसा. तुमचं कामच आहे थे."